तेरड्याचा रंग आणि औषधवालीचे स्वगत : ‘कुसुरिया नो हितोरिगोतो’च्या समांतर वाचनाची नोंद

आठवडा ९

या जपानी कादंबरीचा दुसरा खंड, नेकोकुरागे यांच्या मांगातील (जपानी चित्रकथेतील) तेवढाच कथाभाग आणि ॲनिमेचे (जपानी ॲनिमेशन मालिकेचे) पहिले पर्व, ही तिन्ही एकदाची या आठवड्यात संपली. मिनोजी कुराता यांची मांगा मी मूळ जपानीत वाचत असल्यामुळे ती अजून मागे आहे, कारण माझ्या जपानीच्या बळावर एका बैठकीत पाच-सहा पानांपलीकडे मजल जात नाही. वाचनाचा क्रम सुरुवातीपासून एकच ठेवला आहे : आधी कादंबरीतील प्रकरण, मग मांगा, आणि शेवटी ॲनिमेचा भाग. या नोंदीत दुसऱ्या खंडाच्या अखेरीपर्यंतची सर्व रहस्ये उघड होतात, याची ज्यांचे पाहणे चालू आहे त्यांनी दखल घ्यावी.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. नात्सु ह्यूगा यांनी ही कथा २०११ मध्ये ‘शोसेत्सुका नि नारो’ या संकेतस्थळावर लिहायला घेतली, आणि २०१४ पासून ती तोको शिनो यांच्या चित्रांसह हीरो बुन्कोच्या लाइट नॉव्हेल, म्हणजे हलक्याफुलक्या सचित्र कादंबऱ्यांच्या, मालिकेत येत आहे. २०१७ मध्ये तिच्यावरून एकाच वर्षी दोन स्वतंत्र मांगा सुरू झाल्या. त्यांपैकी एक स्क्वेअर एनिक्सच्या ‘बिग गांगान’ या मासिकात येते, तिची चित्रे नेकोकुरागे यांची आणि मांडणी इत्सुकी नानाओ यांची आहे. दुसरी, म्हणजे कुराता यांची, शोगाकुकानच्या ‘संडे जीएक्स’ या मासिकात येते. ॲनिमेचे पहिले पर्व ऑक्टोबर २०२३ ते मार्च २०२४ या काळात प्रसारित झाले. त्याचे दिग्दर्शक नोरिहिरो नागानुमा, निर्मिती तोहो ॲनिमेशन स्टुडिओ आणि ओएलएम यांची. २४ भागांत कादंबरीचे केवळ दोन खंड घेतल्यामुळे कथेला दुर्मीळ अशी उसंत मिळाली आहे, आणि म्हणूनच ही तुलना करण्याजोगी आहे. अनेक रूपांतरांत अमुक प्रसंग गाळला, तमुक गाळला, अशी यादी करण्यातच तुलना संपते; येथे यादी फार लांबत नाही आणि प्रश्न पुढे सरकतो.

तो प्रश्न शीर्षकातच आहे. ‘हितोरिगोतो’ म्हणजे स्वतःशीच बोलणे; आपल्या रंगभूमीच्या भाषेत सांगायचे तर स्वगत. नाटकातील स्वगत शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ऐकू येते, पण हातभर अंतरावर उभ्या असलेल्या पात्राला ऐकू येत नाही, हा जो संकेत आपण मुकाट मान्य करतो, त्यावरच हे संपूर्ण कथानक उभे आहे. कथेची नायिका, औषधांची जाणकार माओमाओ, हिला पुष्कळ कळते आणि ती त्यातले फारच थोडे बोलते. केवळ अंदाजावरून काही बोलू नये, अशी तिच्या पालक पित्याची, लोमेनची, शिकवण आहे. तेव्हा प्रत्येक माध्यमाने हे न बोललेले कोठे ठेवले, ही एकच कसोटी मी या वाचनात लावली आहे.

मूळ जपानी मजकुरात तिच्या मनातील वाक्ये कंसात येतात. कादंबरीचा आरंभच अशा कंसातील वाक्याने होतो : आभाळ भरून आले आहे आणि अंतःपुरात कपडे धुण्याच्या कामावर असलेल्या माओमाओला रस्त्यावरच्या टपरीवरचे, सळईवर भाजलेले मांस खावेसे वाटत आहे. तिचे अपहरण होऊन तिला येथे विकण्यात आले, ही माहिती त्यानंतर जाता जाता येते, जणू ती खाण्याच्या इच्छेहून दुय्यम असावी. ॲनिमेने हा क्रम उलटवून आधी लालबत्तीची वस्ती, तेथील गणिका आणि मग अपहरण असा सरळ मार्ग घेतला आहे. प्रेक्षकाला जग लवकर समजावे, हा त्यामागील हेतू मला पटतो. परंतु स्वतःवरील आपत्तीकडे कोरडेपणाने पाहण्याची तिची जी सवय कादंबरीत पहिल्याच ओळीत दिसते, ती ॲनिमेत प्रस्थापित व्हायला दोन भाग जावे लागतात.

आठवडा १०

पुन्हा मागे जाऊन पहिल्या खंडातील तीन प्रसंग तपासले.

शिशूंच्या मृत्यूचे कारण असलेली पांढरी भुकटी. चेहऱ्याला लावायच्या या भुकटीत शिसे असते आणि ते आईकडून व दाईकडून बाळापर्यंत पोहोचते. कादंबरीत आपल्याला लक्षणे आधी मिळतात व कारण नंतर, त्यामुळे वाचकही माओमाओबरोबर निदान करू पाहतो. ॲनिमेत मात्र सम्राटाची राणी लिहुआ हिच्या महालातील फिकट चेहरे पडद्यावर समोरच असतात, त्यामुळे लक्षपूर्वक पाहणाऱ्याला सुगावा लवकर लागतो. ही ॲनिमेची चूक नव्हे. चित्राला झाकून ठेवणे जमत नाही, इतकेच. पुढे बंदी असूनही तीच भुकटी वापरणाऱ्या दासीवर माओमाओ जेव्हा तुटून पडते, तेव्हा मात्र ॲनिमे कादंबरीच्या पुढे जाते. एरवी आतल्या आत बोलणाऱ्या या मुलीचा आवाज पहिल्यांदा बाहेर फुटतो, आणि तिला आवाज देणाऱ्या आओई युकी यांनी त्याआधीच्या भागांत तो जाणीवपूर्वक सपाट ठेवल्यामुळेच तो अंगावर येतो.

रंगीत ज्योती. क्षार बदलला की ज्योतीचा रंग बदलतो, मिठाने पिवळी होते, तांब्याच्या क्षाराने हिरवट. या ज्ञानावर बेतलेले प्रकरण मांगाला मुळातच जड जाणारे आहे, कारण तिच्याजवळ काळा आणि पांढरा एवढेच आहेत. तेथे सगळा भार संवादांवर पडतो.

मध. मधाचे प्रकरण आपल्याकडील वाचकाला जरा वेगळे टोचेल. आमच्या घरी बाळाला मध चाटवणे हा जन्मानंतरचा पहिला संस्कारच होता, आणि एक वर्षाखालील मुलाला मध देऊ नये असे डॉक्टरांनी बजावल्यावर आजी कित्येक दिवस रुसली होती. त्यामुळे आदुओ या राणीच्या, मधामुळे दगावलेल्या मुलाची हकीकत वाचताना मला कारण सांगावे लागले नाही. या प्रकरणात मध जीवघेणा ठरू शकतो हे समजल्यानंतर एक आणखी मोठी शंका माओमाओच्या मनात उभी राहते, आणि ती शंका ती कोणालाही सांगत नाही. कादंबरी ती तिच्या विचारांत ठेवते. ॲनिमे आदुओ आणि अंतःपुराचा देखणा अधिकारी जिनशी यांचे चेहरे एकापाठोपाठ दाखवून तेच सुचवते, आणि माझ्या मते ही या पर्वातील सर्वांत हुशार जागा आहे. येथे स्वगताचे काम संकलनाने केले आहे.

आठवडा ११

धातुकाम करणाऱ्या कारागिराच्या तीन मुलांचे कोडे कादंबरीत मला दोनदा वाचावे लागले. काचेचे मत्स्यपात्र, कपाटाचे कुलूप, खिडकीतून येणारे ऊन आणि मिसळल्यावर कमी उष्णतेला वितळणारे धातू यांची भूमिती शब्दांतून डोळ्यांपुढे उभी राहायला वेळ लागतो. ॲनिमेत उन्हाचा कवडसा पुढे सरकताना दिसतो आणि तिढा सुटतो. ज्यांनी लहानपणी दारात बसलेल्या कल्हईवाल्याच्या भांड्यात कथील क्षणात पाण्यासारखे झालेले पाहिले आहे, त्यांना हा प्रसंग विशेष आवडेल. नेकोकुरागे यांची या ठिकाणची रेषा मला सर्वांत देखणी वाटली, पण त्यांच्या चौकटींत माणसे इतकी सुंदर असतात की वस्तूंवर नजर ठरत नाही. कुराता यांची चित्रे साधी आहेत आणि कोड्याच्या दृष्टीने तोच त्यांचा गुण ठरतो.

माओमाओला विनोदी प्रसंगी मांजराचे कान फुटतात, तिच्या नावाचा अर्थच मांजर असल्यामुळे. नेकोकुरागे यांनी ही युक्ती फार गोड केली आहे आणि ॲनिमेतही ती आहे. तरीही एक तक्रार नोंदवून ठेवतो : कादंबरीतील माओमाओ अधिक तुसडी आहे. जिनशीविषयी तिच्या मनात येणारी वाक्ये तेथे खरोखर घृणेची असतात. कान फुटले की त्यांची धार बोथट होते आणि ती लटकी वाटू लागतात.

आठवडा १२

तेराव्या भागानंतर मी ज्याची वाट पाहत होतो ते लाकानचे, म्हणजे माओमाओच्या जन्मदात्या पित्याचे, प्रकरण. त्याचे शीर्षक दोन वनस्पतींवरून घेतले आहे, तेरडा आणि आंबुटी. इंग्रजी अनुवादातील नावे वाचून मला आधी काहीच बोध झाला नव्हता. जपानी ‘होसेन्का’ शब्दकोशात पाहिला आणि श्रावण-भाद्रपदात कुंपणाशी फुलणारा, गौरीच्या वेळी घरात येणारा आपला तेरडाच समोर आला. फेंगशियान हे माओमाओच्या गणिका आईचे नाव याच फुलावरून आले आहे आणि माओमाओ अंतःपुरातील स्त्रियांची नखे रंगवते तीही याच फुलाने. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण ज्याच्या कानी आहे, त्याला हे प्रकरण जपानी वाचकापेक्षाही अधिक कडवट लागेल, कारण लाकानच्या फेंगशियानवरील प्रेमाचा रंग सतरा वर्षे उतरलेला नाही.

लाकानला माणसांचे चेहरे ओळखता येत नाहीत. त्याला ती गो या पटावरच्या खेळातील पांढऱ्या-काळ्या सोंगट्यांसारखी दिसतात. कादंबरी या ठिकाणी माओमाओला सोडून त्याच्या मनात शिरते. आतापर्यंत ज्या माणसाचा आपण तिच्याबरोबर तिरस्कार केला, त्याचे स्वगत अचानक ऐकावे लागते, हा धक्का रचनेचाच आहे. ॲनिमेने सोंगट्यांची डोकी असलेली गर्दी दाखवली आणि त्यात एकच चेहरा रंगीत ठेवला; प्रतिमा प्रभावी आहे, यात वाद नाही. परंतु पार्श्वसंगीत आपल्याला लगेच क्षमेकडे ढकलते. कादंबरीत फेंगशियानने त्याला कापून पाठवलेल्या करंगळीच्या टोकाची हकीकत इतक्या कोरडेपणाने सांगितलेली आहे की त्याला क्षमा करावी की नाही, हे वाचकावरच राहते. मला कादंबरीची बाजू घ्यावीशी वाटते.

चोविसाव्या भागातील तटावरच्या नृत्याबाबत मात्र मी उलट मत देईन. पुस्तकात ते आटोपशीर आहे. ॲनिमेत ते लांबवले आहे, त्याला गाणे आहे, वारा आहे, आणि एकही खुलासा नाही. जन्मदात्या आईला ती हा निरोप देत आहे, हे कोणी मोठ्याने म्हणत नाही; तिच्या मनातला आवाजही त्या काही मिनिटांत गप्प असतो.

पुढील टप्पा : कादंबरीचा तिसरा खंड कालपासून हाती घेतला आहे. जानेवारी ते जुलै २०२५ मध्ये आलेले दुसरे पर्व तिसऱ्या व चौथ्या खंडांवर आधारलेले असल्यामुळे ते तूर्त बाजूला ठेवले आहे. कुराता यांच्या मांगातील तेरड्याच्या प्रकरणापर्यंत पोहोचायला, रोज चार पाने या हिशेबाने, मला बहुधा गणपती उजाडतील.