उन्हापासून स्वतःला वाचवणारे सोयाबीन

पावसाने ओढ दिली असताना भर दुपारी सोयाबीनच्या शेतात गेले, तर पीक सकाळपेक्षा फिकट दिसते. जवळून पाहिले की कारण कळते. प्रत्येक पर्णिकेच्या (संयुक्त पानातील एकेका छोट्या पानाच्या) बुडाशी एक छोटा फुगीर सांधा असतो. त्यातल्या पेशींमधील पाण्याचा दाब बदलला की पर्णिका उभी वळते आणि तिची फिकट मागची बाजू दिसू लागते. पान कोमेजलेले नसते, त्याने फक्त सूर्याकडे आपली कड केलेली असते.

भर दुपारी पडणारा सगळा प्रकाश वापरण्याची पानाची ऐपत नसते. कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवणारी यंत्रणा संथ चालते आणि पाण्याचा ताण पडून पर्णरंध्रे, म्हणजे हवा आत घेणारी पानावरची सूक्ष्म छिद्रे, मिटली की ती आणखी मंदावते. हरितद्रव्याचे प्रकाश शोषणे मात्र चालूच राहते. या ऊर्जेला वाट मिळाली नाही, तर ती ऑक्सिजनच्या रेणूकडे जाते आणि त्यातून तयार होणारा अतिक्रियाशील ऑक्सिजन आसपासची प्रथिने व पेशीतले पातळ पापुद्रे नासवू लागतो. प्रकाश वापरणाऱ्या यंत्रणेतील डी१ नावाच्या प्रथिनाला याची झळ सर्वाधिक बसते. उन्हात ते सतत मोडत असते आणि पान ते काढून त्या जागी नवे बसवत असते.

पर्णिका वळवणे हा झाला बाहेरचा उपाय. मला खरे नवल वाटते ते आतल्या उपायाचे. प्रकाश जास्त झाला की हरितलवकातील थायलाकॉइड पिशव्यांमध्ये प्रोटॉन साचून आम्लता वाढते आणि हीच वाढलेली आम्लता धोक्याची सूचना ठरते. तिच्यामुळे एक विकर जागे होऊन व्हायोलॅक्सँथिन या रंगद्रव्याचे झिअॅक्सँथिनमध्ये रूपांतर करते (मक्याच्या दाण्याला पिवळेपणा देणाऱ्या रंगद्रव्यांपैकीच हे एक), तर पीएसबीएस नावाचे प्रथिन ती आम्लता थेट ओळखते. दोहोंच्या प्रभावाने जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपाने निरुपद्रवीपणे बाहेर सोडली जाते. झिअॅक्सँथिनचा या बचावाशी असलेला संबंध बार्बरा डेमिग यांनी १९८७ मध्ये मांडला; पीएसबीएसचे महत्त्व अमेरिकेतील बर्कले येथील कृष्णा नियोगी यांच्या गटाने २००० साली दाखवून दिले.

हा बचाव झटपट सुरू होतो, पण ओसरायला वेळ घेतो. ढग आला, पानावर सावली पडली, आता प्रकाशाचा कण न् कण हवा आहे, तरीही झिअॅक्सँथिनचे पुन्हा व्हायोलॅक्सँथिन होईपर्यंत पान ऊर्जा उष्णतेत घालवतच राहते. श्रावणातला ऊनपावसाचा खेळ किंवा दाट पिकात वरच्या पानांची खालच्या पानांवर हलणारी सावली आठवावी. असे क्षण दिवसभरात असंख्य वेळा येतात आणि प्रत्येक वेळी थोडी साखर कमी बनते.

हे नुकसान टाळण्यासाठी अमेरिकेतील इलिनॉय येथील स्टीफन लाँग यांनी नियोगी यांच्यासोबत तंबाखूमध्ये या बचावाशी संबंधित तीन जनुकांची क्रिया वाढवली आणि बचाव लवकर ओसरेल अशी व्यवस्था केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शेतातील झाडांचे कोरडे वजन सुमारे १५ टक्क्यांनी वाढले. २०२२ मध्ये सोयाबीनचे निष्कर्ष आले: एका हंगामात बियांच्या उत्पादनात लक्षणीय वाढ झाली, मात्र पुढच्या हंगामात पीक लवकर लोळले आणि तसा ठळक फरक दिसला नाही. अराबिडॉप्सिस या प्रयोगशाळेतल्या लाडक्या वनस्पतीत तर अशाच बदलाचा फायदा झाला नाही.

या संशोधनाबद्दल मला मनापासून आदर आहे, तरी विदर्भ-मराठवाड्यातील कोरडवाहू सोयाबीनचा विचार करता मी थोडा सावध आहे. ऐन फुलोऱ्यात पावसाचा खंड पडतो आणि रंध्रे मिटलेल्या पानांवर दिवसचे दिवस कडक ऊन पडते, तेव्हा पानाचा हा अतिसावधपणा उधळपट्टी ठरतो की पिकाला तारतो, हे अशाच खंडाच्या हंगामात, अशाच जमिनीवर तपासले गेले पाहिजे. एकट्या भरपावसाच्या वर्षाचे आकडे त्यासाठी मला पुरेसे वाटत नाहीत.