हिऱ्याची पावडर, हिरवा लेझर आणि कार्बन-१३ चा सिग्नल : माझा अनुभव

खोलीच्या तापमानाला ७ टेस्लाच्या चुंबकात कार्बन-१३ चं (ज्याचं केंद्रक चुंबकासारखं वागतं त्या कार्बनचं) ध्रुवीकरण, म्हणजे एका दिशेने वळलेल्या केंद्रकांचा जादा वाटा, दहा लाखांमागे जेमतेम ६ भरतं. त्यात हिऱ्यात कार्बन-१३ मुळातच १.१ टक्के. त्यामुळे चिमूटभर पावडरीचा एनएमआर (चुंबकात अणुकेंद्रकांचा रेडिओ सिग्नल टिपण्याचं तंत्र) सिग्नल मिळवायला तासन्‌तास बसावं लागतं. हिऱ्यातल्या एनव्ही केंद्रांवर (नायट्रोजन आणि त्याला लागून एक रिकामी जागा) हिरवा प्रकाश टाकून त्यांचे इलेक्ट्रॉन एका दिशेने वळवले आणि मायक्रोवेव्हने ते ध्रुवीकरण कार्बनकडे नेलं की सिग्नल शेकडो पटींनी वाढवता येतो, आणि कण कसेही पडलेले असले तरी हे जमतं, हे कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाच्या गटाने २०१८ मध्ये दाखवलं. मी त्याच वाटेने गेलो.

सुरुवात पावडरीपासून. कण २०० मायक्रॉनचे, इलेक्ट्रॉनचा मारा करून निर्वातात ८५० अंशांवर भाजलेले. भाजताना कणांवर ग्राफाइटचा पातळ थर चढतो आणि तो हिरवा प्रकाश गिळतो. पावडर राखाडी दिसत असेल तर लेझरला हातही लावू नका. सल्फ्युरिक-नायट्रिकच्या मिश्रणात ती उकळून घ्या, मग पाणी आम्लमुक्त होईपर्यंत धुवा. रंग जांभळट-गुलाबी निघायला हवा. ५३२ नॅनोमीटरच्या लेझरसाठीचा नारिंगी चष्मा लावून हिरव्या प्रकाशात पाहिलं, तर चांगले कण निखाऱ्यासारखे लाल चमकतात. काळपट राहिलेले कण लगेच ओळखू येतात.

३० मिलिग्रॅम पावडर ५ मिलिमीटरच्या काचेच्या नळीत घेतली आणि ती बुडेल एवढंच पाणी घातलं. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४, कोरड्या पावडरीत प्रकाश वरच्या वरच उधळला जातो. पाण्याने तो आत पोहोचतो, उष्णताही निघून जाते. पण पाणी मायक्रोवेव्हही शोषतं, म्हणून जास्त नको. आणि कणांना चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून काढा.

आता मायक्रोवेव्ह. नळी चुंबकाखाली ३० मिलिटेस्लाच्या जागी धरली. तिथे एनव्ही ज्या वारंवारतांना प्रतिसाद देतं त्यांच्या दोन शाखा पडतात. खालची साधारण २.०३ ते ३.१० गिगाहर्ट्झ पसरते, वरची ३.३२ ते ३.७१. पावडरीत सगळ्या दिशांचे कण असल्याने स्वीप (वारंवारता एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकवत नेणं) पूर्ण पट्टा झाडून काढतो, म्हणून अरुंद, वरची शाखाच घ्यावी. सुमारे ४०० मेगाहर्ट्झ, सेकंदाला १०० वेळा, लेझर सतत चालू ठेवून ४० सेकंद. स्वीप फार भरभर केला तर स्पिन (इलेक्ट्रॉनचा चुंबकी कल) वळायच्या आतच वारंवारता पुढे निघून जाते; फार सावकाश केला तर तेवढ्या वेळात फेऱ्या कमी होतात. तापमानाने एनव्हीची वारंवारता अंशामागे ७४ किलोहर्ट्झ सरकते, याची धास्ती बरेच जण घेतात. एवढ्या रुंद पट्ट्यात २० अंशांनीही काही बिघडत नाही.

स्वीपची दिशा उलटवली की कार्बनच्या सिग्नलचं चिन्ह उलटतं. ही सर्वांत स्वस्त आणि खात्रीची तपासणी. दिशा बदलूनही शिखर जसंच्या तसं राहिलं, तर ते नळीच्या टोपणाच्या किंवा नळी वर नेणाऱ्या सरकपट्टीच्या प्लॅस्टिकमधल्या कार्बनचं. दोन्ही दिशांचे सिग्नल एकमेकांतून वजा केले की ते निघून जातं.

लेझर बंद होताच नळी सेकंदाच्या आत ७ टेस्लात न्यायची. कमी क्षेत्रात हिऱ्यातल्या सुट्या नायट्रोजनमुळे ध्रुवीकरण काही सेकंदांतच ओसरू लागतं, वर चुंबकात ते काही मिनिटं टिकतं. खाली जादा कॉइल लावली असेल तर तिची दिशा नक्की तपासा. ती उलटी असली तर वाटेत क्षेत्र शून्यातून जातं आणि वर पोहोचेपर्यंत हातात काहीच उरत नाही.

बहुतेक जण फसतात ते शेवटच्या भागाकारात. वाढ किती पट हे सांगायला लेझरशिवायचा सिग्नल लागतो, आणि तो घेताना दोन मोजणींत टी-वनच्या (ध्रुवीकरण मूळ पातळीवर यायला लागणाऱ्या ठरावीक काळाच्या) पाचपट थांबावं लागतं. इथे टी-वनच काही मिनिटांचा, म्हणजे एका मोजणीला अर्धा तासही जाऊ शकतो. दर १० सेकंदांनी मोजलं तर साधा सिग्नल दबतो, भाजक लहान होतो आणि ५० पटीचे आरामात ५०० होतात. मी पल्स (रेडिओ लहरींचा ठोका) आणि रिसीव्हरचा गेन (सिग्नल किती मोठा करायचा ते प्रमाण) दोन्हीकडे तोच ठेवून साधी मोजणी रात्रभर चालू ठेवतो.