जुन्या सीजे-3बी जीपचे ब्रेक: आधी पेडल, मग अँकर, शेवटी कॅम

महिंद्राच्या जुन्या सीजे-3बी जीपला चारही चाकांना नऊ इंची ड्रम आणि सगळ्यांना मिळून एकच मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबलं की ब्रेकचं तेल पाइपात ढकलणारा मुख्य पंप. कुठेही एक पाइप फुटला तर चारही ब्रेक जातात, म्हणून या गाडीचं ब्रेकचं काम मी अर्धवट सोडत नाही. पेडल खाली जायला लागलं की बरेच जण थेट कॅम आवळतात, म्हणजे शूला (ड्रमच्या आत दाबून चाक थांबवणाऱ्या पट्टीला) ड्रमजवळ सरकवणारी फिरकी. मी सुरुवात पेडलपासून करतो.

पेडल हाताने दाबून पाहायचं. मास्टर सिलिंडरचा पिस्टन हलण्याआधी अर्धा इंच मोकळी चाल हवी. ती नसेल तर पाय काढल्यावरही पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ब्रेक तेलाच्या टाकीत तेल परत नेणारं बारीक भोक झाकलेलंच राहतं. मग ड्रम तापून तेल फुगलं की ब्रेक आपोआप धरतात. थोडं अंतर गेल्यावर गाडी जड होते त्याचं मूळ पुष्कळदा इथेच असतं. शू कितीही ढिले केले तरी फरक पडत नाही.

मग गाडी स्टँडवर घ्यायची. डाव्या बाजूच्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, ते न पाहता जोर लावला तर स्टड तुटतो. चाक वर-खाली हलवून बेअरिंगचा प्ले आधी काढायचा, नाहीतर पुढचं सगळं माप खोटं येतं. जुन्या लायनरच्या (शूवरच्या घासणाऱ्या थराच्या) धुळीत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो, तिच्यावर हवा मारू नका. ओल्या फडक्याने पुसा.

व्हील सिलिंडरचं (प्रत्येक चाकात शू बाहेर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरचं) रबरी टोपण उचलून बघा. आत ओल असेल तर दोन्ही बकेट (तेल अडवणाऱ्या रबरी वाट्या) बदला. आत गंजाचे खड्डे असतील तर नवी बकेटही लवकर कातरते, तिथे सिलिंडरच नवा हवा. धुवायला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट. पेट्रोल-डिझेलने रबर फुगतं.

शू बसवताना लांब लायनरचा शू पुढे, आखूड मागे. गाडी पुढे जाताना ड्रम पुढच्या शूला स्वतःकडे ओढून घेतो, जास्त काम तोच करतो.

खरी मेहनत अँकर पिनची, म्हणजे शूचं खालचं टोक ज्या पिनवर बसतं तिची. नवे शू टाकले तरच तिला हात लावायचा. मागचा चेकनट ढिला करून पिन फिरवायची आणि फीलर गेजने (मोजलेल्या जाडीच्या पातळ पात्यांनी) लायनर आणि ड्रममधली फट मोजायची: खाली अँकरजवळ पाच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), वर सिलिंडरकडे आठ थाऊ. चेकनट आवळताना पिन हमखास सरकते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजतो. हे चुकलं तर लायनर टोकालाच घासतं, पेडल स्पंजसारखं लागतं आणि लोक पाइपातली हवा काढत बसतात.

त्यानंतर कॅम. चाक हाताने फिरवत शू जेमतेम लागेपर्यंत आवळा, मग चाक मोकळं फिरेल इतकंच मागे घ्या. एका चाकाला दोन कॅम, दोन्ही वेगवेगळे करायचे.

हवा काढताना उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मध्ये टाकी रिकामी होऊ देऊ नका. तेल तोंडाच्या अर्धा इंच खाली ठेवा.

हँडब्रेकचा या सगळ्याशी संबंध नाही. तो ट्रान्स्फर केसमागच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीमागच्या) वेगळ्या ड्रमवर असतो.

मोकळ्या रस्त्यावर ताशी 30 किलोमीटरने चालवून थांबा आणि चारही ड्रमजवळ हात नेऊन पाहा. एकच जास्त तापला असेल तर त्याचे कॅम किंचित ढिले करा. नवं लायनर 200 किलोमीटरमध्ये बसतं, तेव्हा फक्त कॅम पुन्हा लावायचे, अँकरला हात लावायचा नाही.