स्प्लिटर बसवताना

आजचा रविवार चिकलठाण्यातल्या गॅरेजमध्ये, धाकट्या भावाच्या मस्टँग गाडीला पुढचा स्प्लिटर (बंपरखालची पुढे आलेली सपाट पट्टी) आणि मागचा स्पॉयलर (डिकीवरची पंखासारखी पट्टी) बसवण्यात गेला. वेगात वाहत्या हवेच्या जोरावर हे दोन्ही भाग गाडीला रस्त्यावर दाबून धरतात. भाऊ फक्त स्पॉयलरच लावू म्हणत होता. पण एकटे मागचे टोक दाबले गेले, तर वेगात पुढची चाके हलकी पडतात आणि वळणावर गाडी बाहेर ओढू लागते, म्हणून मी दोन्हींचा आग्रह धरला. हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ६० किलोमीटरला जेवढा, त्याच्या चौपट १२० ला.

खरा वेळ गेला तो जुळवणीत. फायबरचा स्प्लिटर डाव्या कोपऱ्यात बंपरपासून सुटत होता. गॅरेजवाल्या चाचांनी मास्किंग टेपवर पेन्सिलीने रेघ मारली, पॉलिश पेपरने कड तीनदा घासली, प्रत्येक वेळी नखाने फट चाचपली आणि मगच ड्रिल हातात घेतले. नुसत्या चिकटपट्टीवर त्यांचा विश्वास नाही, आणि माझाही नाही, कारण भरधाव गाडीचा सुटलेला तुकडा मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या अंगावर जाऊ शकतो. स्प्लिटर खाली घासू नये म्हणून गल्लीतला गतिरोधक मात्र आता तिरकाच घ्यावा लागतो. येत्या रविवारी सगळे बोल्ट पुन्हा तपासून आवळायचे आहेत.