सीलिअ‍ॅक आजाराचे जाणकार डॉक्टर शोधताना

माझ्या मुलीच्या रक्तात लोह का टिकत नाही, या प्रश्नाचे उत्तर मिळायला आम्हाला तीन वर्षे लागली. ते उत्तर होते सीलिअ‍ॅक आजार: यात गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. या काळात एका डॉक्टरांनी "महिनाभर गहू बंद करा, मग तपासणी करू" असे सुचवले होते. तो सल्ला किती चुकीचा होता, हे पुढे दुसऱ्या पोटविकारतज्ज्ञ बाईंनी समजावून सांगितले: ग्लूटेन बंद केले की रक्तातील प्रतिपिंडे हळूहळू कमी होतात, आतड्याचे अस्तर भरून येऊ लागते आणि तपासणीतून खोटा दिलासा मिळू शकतो.

त्या बाईंनी टीटीजी-आयजीए चाचणीबरोबर (या आजाराची आयजीए प्रकारची प्रतिपिंडे शोधणारी रक्तचाचणी) रक्तातील एकूण आयजीएही मोजायला सांगितले, कारण ज्यांच्या शरीरात आयजीए मुळातच कमी असते, त्यांची ही चाचणी आजार असूनही नकारात्मक येऊ शकते. एंडोस्कोपीच्या वेळी त्यांनी लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून तपासणीसाठी अस्तराचे सहा छोटे तुकडे घेतले. आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो, म्हणून एकापेक्षा जास्त तुकडे लागतात, हे कागदावर आतड्याचे चित्र काढून त्यांनी मुलीलाच दाखवले. (माझा त्यांच्यावर विश्वास बसला तो त्या चित्रामुळे.)

आता कोणी डॉक्टरांविषयी विचारले, तर पहिल्याच भेटीत काय विचारायचे ते मी सांगते: निदानानंतर पुन्हा कधी बोलावणार, लोह, ड जीवनसत्त्व आणि थायरॉईड तपासणार का, आहारतज्ज्ञाकडे पाठवणार का, आणि आईवडील व भावंडांचीही चाचणी करणार का. आमच्या घरी या शेवटच्या चाचणीत धाकट्या मुलालाही हाच आजार निघाला. त्याला तोवर पोटाची एकही तक्रार नव्हती.