येणं आपलं, आणि हात जोडायचे तेपण आपणच

मार्च एंड आला की आमच्या मोठ्या कस्टमरच्या अकाऊंट्समधनं बॅलन्स कन्फर्मेशनचं पत्र येतं. अमुक तारखेला तुमचं आमच्याकडं एवढं येणं निघतंय, बरोबर असेल तर सही-शिक्का मारून पाठवा. आमच्या टॅलीतला आकडा आणि त्यांचा आकडा आजवर कधी जुळला नाही. यंदा फरक एक लाख चौऱ्याऐंशी हजारांचा. विचारलं तर म्हणे तीन लॉटची डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातनं कपात, टाकलीय, रेट डिफरन्स आणि रिजेक्शन. नोट मला मिळालेलीच नाही, आणि कास्टिंग त्यांनीच पाठवलेलं, आम्ही फक्त मशिनिंग करतो, आत ब्लो होल, म्हणजे हवेचं भोक, निघालं ते काय आमच्या व्हीएमसी मशीननं पाडलं?

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत जॉबवर्क करणाऱ्या कुणालाही विचारा, हीच रडगाणी. कायदा म्हणाल तर आहे की. २००६ चा एमएसएमई, म्हणजे लहान उद्योगांचा, कायदा सांगतो जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेपण दरमहा चक्रवाढ. आमचे १३० दिवस झालेत. सरकारच्या पोर्टलवर तक्रार टाकता येते, टाकली की पुढच्या महिन्यात ऑर्डर येत नाही, संपला विषय.

तर त्या रात्री वैतागून बसलो होतो आणि पोरगी इकॉनॉमिक्सचा पेपर म्हणून स्टर्लिंग बॅलन्स का काय ते मोठ्यानं वाचत होती, मी म्हटलं थांब, परत वाच, हे तर माझंच चाललंय.

झालेलं असं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटननं इथनं धान्य, कापड, ताग, पोलाद, सैन्य, सगळं उचललं. त्यांच्या वाट्याचं बिल रोख नाही, लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या नावावर पौंडात जमा, म्हणजे मालाच्या डिलिव्हरी चलनावर सही आणि ‘पेमेंट युद्ध संपल्यावर’. पण इथल्या पुरवठादाराला तर रुपये द्यायला पाहिजेत, मग त्या पौंडांच्या जोरावर रिझर्व्ह बँकेनं नोटा छापल्या. १९३९ ते ४५ मध्ये चलनातल्या नोटा पाच-सहा पट झाल्या, माल गेला फ्रंटवर आणि नोटा राहिल्या बाजारात, मग महागाई होणार नाही तर काय. १९४३ ला बंगालच्या दुष्काळात लाखोंनी माणसं गेली, त्यामागं ही महागाईपण होती. म्हणजे ब्रिटनला उधारी दिली ती खरं तर उपाशी माणसानं.

(युद्ध लांब युरोपात झालं असं आपल्याला वाटतं. पण १९४३ ते ४८ आपल्या वळिवड्यात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहत होते. नंतर तिथंच सिंधी लोक आले, आणि आता आपण तिथं, गांधीनगरला, बस्ता बांधायला जातो.)

युद्धाच्या शेवटाला आपलं येणं १३० कोटी पौंडाच्या आसपास, रुपयात सुमारे १,७०० कोटी. गुलाम देश सावकार झाला, आणि साहेब देणेकरी!

जुलै १९४४ ला अमेरिकेत ब्रेटन वुड्सला ४४ देश बसले, युद्धानंतरचा व्यापार आणि पैसा कसा चालवायचा ते ठरवायला. आपल्या टीममध्ये चिंतामणराव देशमुख होते, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मूळचे महाडजवळच्या नात्याचे. भारतानं मागणी केली की आमच्या अडकलेल्या पौंडांचा थोडा तरी भाग तिथं ठरणाऱ्या नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतनं सोडवा, आम्हाला कारखाने उभे करायचेत, मशिनरी आणायचीय. ब्रिटनतर्फे त्यांचे अर्थतज्ज्ञ केन्स उठले. आम्ही मानानं फेडू, पण हा आमचा आणि येणेकऱ्यांचा आपसातला मामला, इथं नको. झालं.

गंमत बघा, हेच केन्स अमेरिकेला सांगत होते की व्यापारात तूट आली तर एकट्या तूटवाल्यानंच का सोसायचं, ज्याच्याकडं माल विकून शिल्लक साठते त्याच्यावरपण ओझं टाका, त्याच्या शिल्लकेवर शुल्क लावा. मला तर हा विचार लई पटला. अमेरिकेनं मानला नाही कारण शिल्लक त्यांचीच होती. म्हणजे केन्सना अमेरिकेसमोर न्याय पाहिजे होता, आणि आमच्यासमोर ‘नंतर बोलू’.

चर्चिल तर म्हणत होते आम्ही भारताचं रक्षण केलं त्याचं उलट बिल लावा. डेबिट नोट! शब्दच वेगळा. आपण कर्ज कमी करून घ्यायला नकार दिला, हे मात्र खरं, तिथं आपली माणसं ताठ उभी राहिली. पण पैसे हप्त्याहप्त्यानंच सुटले, त्यातनं ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या पेन्शनी आणि इथंच पडलेलं लष्करी सामान वळतं केलं, आणि सप्टेंबर १९४९ ला पौंड ४.०३ डॉलरवरनं २.८० वर आला. उरलेल्या पौंडांत अमेरिकन मशीन घ्यायचं म्हटलं तर तीस टक्के असेच उडाले.

आणि १९५३ ला लंडनमध्ये पश्चिम जर्मनीचं कर्ज जवळपास निम्मं माफ, वर बाकीचं फेडायचं ते त्यांच्या निर्यातीला झेपेल तसं. मी त्याच्या विरोधात नाही, उलट शहाणपणाचंच होतं, कस्टमर बुडाला तर कुणाला विकणार. फक्त तो हिशेब सगळ्यांना लावायचा होता.

आपण तरी कुठं धुतल्या तांदळाचे. साखरेच्या अनुदानाच्या केसमध्ये ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी आपल्याला जागतिक व्यापार संघटनेत, डब्ल्यूटीओत, ओढलं, डिसेंबर २०२१ ला निकाल विरोधात गेला. आपण अपील केलं, आणि अपील ऐकायला पुरेसे पंचच डिसेंबर २०१९ पासून नाहीत, अमेरिका नेमूच देत नाही. अपील पडून. आमच्या ऊसपट्ट्याला बरंच झालं की. आणि उद्यमनगरातल्या टूल ग्राइंडिंगवाल्या मामांचे अकरा हजार डिसेंबरपासून माझ्याकडं आहेत, तेपण इथंच लिहून टाकतो.

पोरगी म्हणाली पप्पा, सही करा पण खाली लिहा, फरक मान्य नाही. लिहिलं, बारीक अक्षरात, शिक्क्याच्या शेजारी.

काल त्यांच्या अकाऊंट्समधनं फोन. साहेब, कोरं पत्र परत पाठवतोय, त्यावर नुसती सही करा.