डोकं न आपटणारी माणसं

आमच्या माजघराच्या दाराची चौकट बुटकी आहे. पहिल्यांदा येणारा माणूस तिथे हमखास कपाळ आपटून घेतो. कुरियरवाला आपटतो, रक्त तपासायला येणारा मुलगा आपटतो, बिल्डरचा माणूस तर टेप लावून उंची मोजल्यावरही आपटला. परवा दुपारी एक गृहस्थ आले. सत्तरीचे असतील. दारात चपला काढून "आम्ही पूर्वी इथं राहायचो, सहज आलो होतो ओंकारेश्वराला" असं काहीतरी पुटपुटत आत आले, आणि बोलता बोलता माजघराच्या दारात बरोब्बर वाकले. वर बघितलंसुद्धा नाही. पुढे खातरजमा कसली करायची? मी चहाचं आधण वाढवलं.

असे लोक आमच्याकडे अधूनमधून येत असतात. दिवाळीच्या सुट्टीत जास्त. कुणी कोथरूडहून, कुणी ठाण्याहून, कुणी थेट न्यू जर्सीहून नातवंडं घेऊन. नातवंडं पाच मिनिटांत कंटाळतात आणि वायफायचा पासवर्ड विचारतात. आजोबा मात्र जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवत उभे. कुणी खुंटीला हात लावून बघतं, कुणी कोनाड्यात वाकून बघतं, तिथे साठ वर्षांपूर्वी ठेवलेली गोटी अजून असेल अशा थाटात. मी या घरात सून म्हणून आले, त्यामुळे मला सगळंच नवं. आणि या वाड्याबद्दल मला जे काही ठाऊक आहे त्यातलं बहुतेक मला घरच्यांनी सांगितलेलं नाही, या पाहुण्यांनी सांगितलेलं आहे.

घरच्यांकडे पत्र्याची पेटी आहे. तिच्यात खरेदीखत, वाटणीपत्र, सिटी सर्व्हेचे उतारे, मोडीतले दोन कागद आणि कोर्टाच्या निकालांच्या नकला. वाड्याचा इतिहास विचारला की सासरे ती पेटी काढतात. पूर्वेस अमक्याची भिंत, दक्षिणेस बोळ, उत्तरेस सार्वजनिक रस्ता. मग कुणाकडून कुणी घेतला, कुठल्या चुलत्यानं कुठल्या पुतण्याला फसवलं. त्यांच्या इतिहासात भाडेकरू येतात ते फक्त प्रतिवादी क्रमांक एक, दोन, तीन म्हणून. मालकाला चतुःसीमा पाठ असतात, वाडा पाठ असतो भाडेकरूंना. हे मी सासऱ्यांसमोर बोलत नाही.

भाडेकरूंना वाडा पाठ व्हायला कारण सरकारी आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यानं प्रमाणित भाड्याचा पाया धरला तो १ सप्टेंबर १९४० चा. त्या दिवशी जे भाडं होतं तेच जवळजवळ कायमचं. बाहेर तेल, साखर, सोनं कुठल्या कुठे गेलं तरी दोन खोल्यांचं भाडं जागच्या जागी. मालकाला त्या पैशांत कौलं चाळून घेणं परवडेना आणि भाडेकरूला जागा सोडणं परवडेना. दोन्ही पक्ष अडकले आणि एकमेकांकडे डोळे वटारून बघत म्हातारे झाले. पण त्यामुळे एकेक बिऱ्हाड तीन-तीन पिढ्या राहिलं. आजोबांचं श्राद्ध त्याच खोलीत, नातीचं बारसंही त्याच खोलीत. हल्ली अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला जिन्याची कुठली पायरी वाजते हे कळायच्या आत टेम्पो बोलवावा लागतो. उद्या त्यांच्यातलं कुणी म्हातारपणी फ्लॅटची बेल वाजवून "आम्ही इथं राहायचो" म्हणालं, तर सिक्युरिटीवाला त्यांना गेटच्या आत तरी सोडेल का?

एक गोष्ट मी अनुभवानं शिकले आहे. आलेल्या माणसाला वाड्याचा इतिहास विचारायचा नाही. विचारला की तो एकदम शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत उभा राहतो. वाडा पेशवाईतला. राघोबादादा इथे एकदा येऊन गेले. आणि भुयार! पुण्यातल्या ज्या ज्या वाड्याला जोतं आहे त्या प्रत्येक वाड्यातून शनिवारवाड्याला भुयार जातं. एवढी भुयारं खरंच असती तर मेट्रोवाल्यांना खणायचं कामच उरलं नसतं. मला वाटतं, यातली निम्मी भुयारं म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं, त्या दगडी नळाची आठवण असावी. तो नळ काही ठिकाणी माणूस आत चालू शकेल एवढा आहे, आणि वर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळण्यासाठी ठेवलेली उघडी तोंडं. पोराटोरांनी एखाद्या उच्छ्वासात डोकावून अंधार बघितला असणार, बाकीचं काम आज्यांनी केलं असणार.

तर इतिहास विचारायचा नाही. विचारायचं, "तुमचा पाट कुठे असायचा?" किंवा "कोळसे कुठे ठेवायचात?" की मग बघा. माणूस उठतो, जागेवर जाऊन उभा राहतो आणि हातवारे करत बोलायला लागतो. इथे बंब. इथे आईचं फडताळ, त्याच्या दाराला आतून आरसा. इथे ताई रुसून बसायची. या खांबाला टेकून वडील पेपर वाचायचे, म्हणून खांब तेलकट आहे. (खरंच आहे. मी कितीदा पुसला, वाटायचं धूर असेल.) मांजरीचं नाव चिंगी, दूधवाल्याच्या म्हशीचं नाव गंगा. वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना दम्याचा त्रास, ते खोकायला लागले की पोरांना कळायचं चार वाजले, दूध आलं असेल.

आणि पूर. १२ जुलै १९६१, बुधवार. सकाळी पानशेत फुटलं आणि पुढे त्या लोंढ्यानं खडकवासल्याची भिंतही गेली. आमचा वाडा शनिवार पेठेत, नदीच्या अंगाला, म्हणजे पाणी येणारच होतं. प्रत्येक पाहुण्याला मी विचारते, पाणी कुठवर आलं होतं? प्रत्येक जण भिंतीवर वेगळ्या जागी हात ठेवतो. एकाचं म्हणणं जिन्याची सहावी पायरी. एक बाई शपथेवर सांगतात की माडीच्या तुळईला पाणी लागलं होतं. परवाच्या काकांनी हात ठेवला तो माझ्या खांद्याच्याही खाली. पुरात ते सहा वर्षांचे. मला शंका आहे की ते अजून त्या सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्यापासूनच मोजतात. पण खोटं कुणी बोलत नसावं, कारण आमचं परस पुढच्या चौकापेक्षा चांगलं हातभर खाली आहे, आणि पाणी काही एका जागी उभं राहून फोटो काढून घेत नाही. तेव्हा तीन उंच्यांचे तीन पूर मी ठेवून घेतले आहेत.

पुराच्या कथेत एक बरणी येते. जुलै महिना, म्हणजे वर्षाचं लोणचं नुकतंच घातलेलं. पाणी ओसरल्यावर गुडघाभर गाळात एक चिनी मातीची बरणी उभीच्या उभी सापडली, दादरा तसाच बांधलेला. इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. बरणी कुणाची यावर नाही. दोन घराण्यांचा तिच्यावर दावा आहे. एका घराण्याच्या मते लोणचं उकिरड्यावर गेलं. दुसऱ्या घराण्याच्या मते सगळ्या वाड्यानं ते पुढचे पंधरा दिवस मदतीच्या पोळ्यांबरोबर खाल्लं आणि असं लोणचं परत झालं नाही. मी या दुसऱ्या घराण्याच्या बाजूची. अर्थात काळजीनं विचार केला तर पुराच्या गाळातलं लोणचं खाऊन हे लोक सत्तरी गाठायला राहिले कसे, हा प्रश्न आहेच. तेव्हा खडकवासला रिकामं झाल्यामुळे शहराचे नळ कोरडे पडलेले, विसरलेल्या विहिरी लोकांनी पुन्हा उपसायला काढलेल्या. आमच्या परसातली विहीरही तेव्हाच उघडली. आता तिच्यावर लोखंडी जाळी आणि जाळीवर माझ्या कुंड्या.

पुरानंतर काही बिऱ्हाडं परत आलीच नाहीत. कुणी गोखलेनगरला अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये गेलं, कुणी पुढे सहकारनगरला सोसायटीत. त्यांना मी पुराबद्दल जपून विचारते. ते भिंतीवर हात ठेवत नाहीत.

सगळ्यात गमतीचं प्रकरण म्हणजे आजेसासूबाई. त्यांचा फोटो दिवाणखान्यात, चंदनाचा हार, नऊवारी, नाकात नथ, नजर थेट आपल्या ताटाकडे. घरात त्यांचा उल्लेख 'देवमाणूस' असाच. पाहुण्यांची नजर फोटोवर गेली की ते आधी नमस्कार करतात आणि मग माझ्याकडे वळून हळूच म्हणतात, "फार कडक हो." चौकातल्या नळाची चावी त्यांच्या कमरेला असायची. सकाळी आठ म्हणजे आठ, नळ बंद. साबण तोंडाला लावलेला असला तरी बंद. वाळत घातलेलं धुणं मालकांच्या दोरीवर आलं तर खाली टाकायच्या. ऐकताना मला फार बरं वाटतं, कारण त्यांचे दाखले देऊन मला या घरात बरंच काही ऐकवलं गेलेलं आहे.

पण मग एक बाई आल्या. मागच्या दोन खोल्यांत राहायच्या. त्यांचे वडील अकाली गेले तेव्हा आई पदरात तीन मुली घेऊन बसलेली. त्या महिन्यापासून भाडं कुणी मागितलं नाही. पावती मात्र दर महिन्याला मिळायची, सही शिक्क्यासकट. घरात पुरुषांना कळू नये म्हणून आजेसासूबाई स्वतःच्या पैशांतून ते भरायच्या, आणि वर नळ आठलाच बंद करायच्या. सासऱ्यांना हे मी सांगितलं तर ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आईनं हिशेबात घोळ घातला होता." पेटी काढून पावतीपुस्तक शोधायला लागले.

पाहुण्यांच्या गप्पा शेवटी एकाच विषयावर येतात आणि तिथे सगळे पोट धरून हसतात. वाड्याचे सामायिक संडास. परसाच्या टोकाला, जोत्यावर तीन, सगळ्या वाड्यात मिळून. पहाटेची रांग, हातात डबे, रांगेत टिळक रोडपासून क्रिकेटपर्यंत चर्चा, आत गेलेला माणूस पेपर घेऊन गेला असेल तर बाहेरून दारावर थापा. परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थ्यांना पुढे सोडायची पद्धत होती, म्हणून एक जण म्हणे मॅट्रिकला मुद्दाम तीनदा बसला. हा विनोद मी वेगवेगळ्या माणसांबद्दल ऐकला आहे, पण दर वेळी हसते.

त्या जागी आता माझं वॉशिंग मशीन आहे. मशीनच्या मागे, बोळाच्या बाजूच्या भिंतीत, जमिनीलगत गुडघ्याएवढ्या उंचीची तीन झडपांची दारं आहेत, गंजून घट्ट बसलेली. नळजोडणीसाठी मशीन पुढे ओढलं तेव्हा ती नीट दिसली. कशाची हे कुणी सांगावं लागत नाही. टोपलीचे संडास होते. बोळातून कुणीतरी रोज यायचं, वाकायचं, टोपली ओढायचं.

गेल्या दिवाळीत एक आजी आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, नातवाचा हात धरून. त्यांना सगळं आठवत होतं. चिंगीची पिल्लं किती, गंगा म्हैस कुठल्या साली गेली, कुणाच्या लग्नात जिलबी कमी पडली. मी विचारलं, "आजी, मागच्या बोळातून कोण यायचं?"

"एक बाई यायची. उजाडायच्या आत. झाडू आपटायची भिंतीवर, म्हणजे कुणी आत असलं तर कळावं. मग पुढे तिची मुलगी यायला लागली."

"नाव काय तिचं?"

आजींनी खूप आठवून बघितलं. मनापासून बघितलं, डोळे मिटून. नातू म्हणाला, जाऊ दे गं आजी. त्या म्हणाल्या, "दिवाळीला फराळ द्यायचो हं तिला आम्ही. कट्ट्यावर ठेवायचो." आणि मग थोड्या वेळानं, "हातात नाही द्यायचो."

ते गेल्यावर मी सासऱ्यांची पेटी मागून घेतली. कागदांत तरी असेल असं वाटलं. जुन्या भाडेपावत्यांच्या स्थळप्रती आहेत, सुरेख अक्षरात. खोलीभाडे. दिवाबत्ती. त्याखाली संडास सफाई, चार आणे. दर बिऱ्हाडाकडून, दर महिन्याला, वर्षानुवर्षं, एकही खाडा नाही. त्यातले तिला किती मिळायचे, त्याची पावती पेटीत नाही.